सव्वा इंचाचा उतार

भिलाईला आमच्या क्वार्टरमध्ये भुंगा सुरू झाला की अख्ख्या सेक्टरचे दिवे माना खाली घालत. हे खोटं वाटत असेल तर शंभरातले दोन सोडून द्या, त्याहून जास्त मात्र सोडू नका. माझी नातवंडं म्हणतात, आजीच्या बोलण्यातलं निम्मं वाऱ्यावर सोडावं. त्यांना काय कळतंय! मी ज्या घरात वाढले त्या घरात शंभराला दोन वाढवून मोजणं हे कसब होतं, आणि त्या कसबाचा बाबांना दरमहा पगार मिळत होता. ते कसं, ते सांगतेच. पण आधी भुंगा.

भुंगा म्हणजे राउटर. हे नाव मला पुष्कळ पुढे कळलं. तेव्हा ते एक दोन मुठींचं, गोल पायाचं, विजेवर फिरणारं यंत्र होतं. त्याच्या पोटाखाली एक पातं गरगर फिरे आणि लाकडात खाच पाडत जाई. ते आमच्या घरी आलं ते मायच्या ठेच्यामुळे. पोलादाच्या कारखान्यात बाबांच्या खात्यात एक रशियन साहेब होता, पेत्या त्याचं नाव. पांढरा, दांडगा, ऊन लागलं की टमाट्यासारखा व्हायचा. त्यानं एकदा बाबांच्या डब्यातला ठेचा भाजी समजून मूठभर खाल्ला. बाबा सांगत, की त्याच्या कानातून वाफ निघाली आणि शेजारच्या भट्टीवाल्यांना वाटलं, आपलाच पाइप फुटला. पण गडी पक्का. डोळे पुसून म्हणाला, "और!" तेव्हापासून रोज त्याच्यासाठी एक पुडी वेगळी जायची. मायदेशी परत जाताना त्यानं आपलं स्वतःचं यंत्र बाबांच्या हातात ठेवलं आणि त्यांना मिठी मारली. मिठीत बाबांची एक बरगडी मोडली असंही मी पूर्वी सांगत असे. ते सोडून देते. वय झालं आता.

बाबा ओतशाळेच्या पॅटर्न शॉपमध्ये सुतार. साकोलीकडची आमची शेती धानाची, पण बाबांचा हात लाकडावर. कारखाना उभा राहत होता तेव्हा काँक्रीटच्या फळ्या ठोकायला आले आणि इथंच राहिले. लोखंडाच्या कारखान्यात सुताराचं काय काम, असं मला शाळेत मुली विचारायच्या. मी सांगायची, माझा बाप लाकडाचं करून दाखवत नाही तोवर तुमच्या बापांना लोखंडाचं करताच येत नाही. आणि ते खरंच होतं. पोलादाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडाचा घडवतात, त्याच्याभोवती वाळू दाबतात, मग लाकूड काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत लाल रस ओततात. पण रस थंड होताना आकसतो, फुटामागे पाव इंच. म्हणून लाकडाचा नमुना तेवढा मोठा करावा लागतो. आणि दर वेळी हिशेब कोण करत बसणार, म्हणून या सुतारांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट तुमच्याआमच्या फुटापेक्षा पाव इंच लांब. आकडे मात्र तेच, एक, दोन, तीन. दिसायला अगदी सोज्वळ. अशी एक लोखंडी पट्टी बाबांच्या पिशवीत कायम असे. एकदा मायनं तिच्यानं मोजून बाबांचा सदरा बेतला तर बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या. बरं, मनगटाखाली बोटभर.

घर दोन खोल्यांचं, पुढे चिंचोळी ओसरी, मागे बाडी म्हणजे परसू. बाडीत आंबाडी, वाल आणि तीन कोंबड्या. सकाळी सायरनच्या आधी मायचा स्टोव्ह फुरफुरायचा. लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी बसली की शेजारची फुलबती कुंपणावरून छत्तीसगडीत विचारी, "का रांधत हस ओ दाई?" मग एक वाटी इकडून जाई आणि तिकडून चिला, म्हणजे तांदळाचं धिरडं, येई. धोतर पांढरं वाळत घालावं तर दुपारपर्यंत भगवं होई, इतकी लाल धूळ. आणि घरातलं सगळं लाकूडसामान रशियन. यंत्रं आली ती चिडाच्या लाकडाच्या मोठाल्या पेट्यांतून. यंत्रं कारखान्यात गेली, पेट्या भिलाईभर पसरल्या. आमचा पलंग, मांडणी, कोंबड्यांचं खुराडं, सगळं त्या फळ्यांचं. देव्हारासुद्धा. आमचे गणपती आणि महादेव कुणालाही न वाचता येणाऱ्या काळ्या रशियन अक्षरांना पाठ लावून बसलेले असत.

मी मॅट्रिक झाले होते आणि घरी होते. "घरी होते" म्हणजे स्थळ येईपर्यंत पापड लाटत होते. त्याच वर्षी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. पहिल्यांदा ते मायनं ऐकलं. हो, ऐकलंच. बशीत कप खडखडला. दुसऱ्या दिवसापासून मायनं न बोलता बाबांना चहा पितळी पेल्यात द्यायला सुरुवात केली. बाबाही न बोलता घेऊ लागले. खात्यात ते डाव्या हातानं उजवं मनगट दाबून पटाशी चालवत. काटकोनी गुण्याला सुरी टेकवून रेघ मारायची असेल तर ती अजून केसासारखी यायची, कारण हाताला टेकायला काहीतरी असे. पण मोकळ्या हातानं पटाशी धरली की टोक नाचे.

बाबांचे फोरमन सालपेकर साहेब नागपूरचे. बारीक माणूस, तपकीर ओढायचे, आणि मराठी मंडळींच्या वाचनालयाची सगळी उठाठेव त्यांच्याकडे. एका रविवारी ते घरी आले. मायनं बेसनाच्या पातोड्यांची भाजी वाढली. दोनदा घेतली, तिसऱ्यांदा नको नको म्हणत घेतली, मग हात पुसत म्हणाले, "दौलतजी, वाचनालयाले कपाट पायजे. पुस्तकं जमिनीवर पडून राहिली. तुम्ही करा."

"करतो न साहेब."

"घरीच करा. कोणाले हाताखाली घेऊ नका. एकट्यानं करा." आणि त्यांची नजर बाबांच्या पितळी पेल्यावर जाऊन थांबली. "उद्घाटनाले मी येतोच. तवा पाहू."

ते गेल्यावर माय ताटं गोळा करता करता म्हणाली, "कपाट नाई मांगून राहिला तो. तुमचा हात पाहून राहिला."

 पॅटर्न शॉपमधून ज्याचा हात गेला त्याला यार्डात पाठवत, उन्हात लाकडं मोजायला. बाबांच्या आधीच्या एका कारागिराला तसं पाठवलं होतं. तो माणूस आमच्या घरावरून जाताना बाबांना रामराम घालायचा थांबला. खाली बघून जायचा. आम्हा तिघांनाही तोच आठवला असणार, कारण त्या दिवशी उरलेल्या पातोड्या कुणी खाल्ल्या नाहीत, आणि आमच्या घरात पातोड्या उरणं म्हणजे ग्रहणच.

दुसऱ्या रविवारी बाबांनी पेटीतून भुंगा काढला. कपाटाच्या उभ्या बाजूंना आडव्या खाचा पाडायच्या आणि फळ्यांची टोकं त्या खाचांत बसवायची, म्हणजे खिळा न मारता मणभर पुस्तकं पेलतील असा त्यांचा बेत. एरवी त्यांनी खाचा पटाशीनं पाडल्या असत्या. त्यांनी एका टाकाऊ तुकड्यावर भुंगा ठेवला, बटण दाबलं, आणि यंत्रानं जी उसळी घेतली! तुकड्यावर नागोबा काढल्यासारखी वळणं उमटली. दिवे मंदावले तशी पलीकडून फुलबती ओरडली, "बत्ती काबर मरत हे ओ दाई?" कोंबड्या बाडीतून उडाल्या त्या मरोद्याच्या तलावावर उतरल्या, असं मी म्हणते. निदान कुंपणापलीकडे तरी.

बाबांनी बटण बंद केलं आणि उजवा हात मांडीखाली घालून बसले.

मी म्हटलं, "मले द्या."

"हे काय पापड लाटायचं लाटणं हाय काय?"

"लाटण्यानं मी पापड गोल करतो का नाई? गोल तर हातच करते न. माहा हात नाई थरथरत."

घरात त्या शब्दाचा उच्चार पहिल्यांदाच झाला होता. मायनं आतून पळी आपटली. बाबा माझ्याकडे पाहून हसले. "थांब. आधी भुंग्याले वाट करून देतो. वाट असली तर आंधळाही घरी येते."

तो साचा करायला त्यांना तीन रविवार लागले. दोन लांब सरळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये भुंग्याचा गोल पाय सरकेल एवढी वाट, आणि दोन्ही टोकांना काटकोनात ठोकलेल्या आडव्या पट्ट्या. वाटेची रुंदी त्यांनी आकड्यानं मोजलीच नाही. कपाटाच्या फळीचाच एक तुकडा घेतला आणि खाच नेमकी तेवढ्याच जाडीची पडेल अशी पट्टी सरकवत राहिले, केसभर इकडे, केसभर तिकडे. करवत मी धरायची, खूण ते करायचे. साचा बाजूच्या फळीवर ठेवायचा, शिकंज्यांनी आवळायचा आणि त्यातून भुंगा फिरवायचा. "जाताना डाव्या पट्टीले टेकून जाय, येताना उजव्या पट्टीले टेकून ये. मधी मनानं चालू नको. अन् एका दमात खोल नको जाऊ, तीन घासांत खाय." पहिली खाच मी पाडली तेव्हा भुसा माझ्या दातांत, डोळ्यांत, वेणीत गेला. भुंगा थांबला, बाबांनी खाचेत फुंकर मारली आणि फळीचा तुकडा तिच्यात ठेवून वरून अंगठ्यानं दाबला. तो हवेचा सुस्कारा सोडत आत गेला आणि बसला. उलटं धरून हलवलं तरी पडेना. बाबा म्हणाले, "पाय, साचा थरथरत नाई." माझ्या पुढे दोन पोरं झाली, देवानं घर दिलं, सगळं दिलं, पण त्या सुस्काऱ्याइतका समाधानाचा आवाज मी नंतर फार कमी वेळा ऐकला.

आता माझा गुन्हा. कपाटाच्या बाजू दोन. नियम असा, की दोन्ही फळ्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि एकाच रेघेनं दोघींवर खुणा करायच्या. पण उजवी बाजू तयार होती तेव्हा डावीच्या जोडाचा सरस अजून ओला होता, आणि ओसरीत एका वेळी एकच फळी मावायची. म्हणून बाबांनी उजवीवर खुणा केल्या, पिशवीतली पट्टी काढून, सवयीनं. तळापासून दहा इंच, चोवीस, अडतीस, बावन्न, सहासष्ट. आकडे कागदावर लिहून ठेवले. मी पाच खाचा पाडल्या. मग ती फळी फुलबतीच्या ओसरीत नेऊन ठेवली. बाबा म्हणाले, "डावी उद्या मी आल्यावर. तिच्याजवळ हिले ठेवूनच खुणा करू. तवरक हात लावू नको."

दुसऱ्या दिवशी बाबा पहिल्या पाळीला. सरस वाळलेला, भुंगा समोर, आकड्यांचा कागद भिंतीला टाचलेला. वय सतरा. मी मायचा शिवणाचा टेप घेतला, दहा, चोवीस, अडतीस, बावन्न, सहासष्ट अशा खुणा केल्या, साचा आवळला आणि बाबा यायच्या आत पाचही खाचा पाडून झाडूसुद्धा मारला. बाबा आले, पाहिलं, कपाळाला आठी पडली. मग त्यांनी खाचेतून अंगठा फिरवला आणि आठी उतरली. "खाच चांगली हाय," एवढंच म्हणाले. त्या खुशीत माझा बाप आयुष्यात एकदाच दोन फळ्या शेजारी ठेवायला विसरला.

जोडलेलं कपाट आमच्या दारातून बाहेर निघणार नव्हतं, म्हणून सुट्या फळ्या हातगाडीवर घालून वाचनालयात नेल्या. वाचनालय म्हणजे एका रिकाम्या क्वार्टरची पुढची खोली. नारळ, हार, अगरबत्ती, आणि चार हजार माणसं. बरं, चाळीस. सालपेकर साहेब पुढे खुर्चीवर, तपकिरीची डबी हातात. बाबा जोडायला बसले. तळाची फळी गेली. दुसरी जरा कुरकुरली. तिसरीला लाकडी हातोडा लागला. चौथी आत गेली ती एक खांदा वर करून. पाचवी बसली तेव्हा सगळ्यांच्या माना एका बाजूला कलल्या. खालून वर प्रत्येक फळी आदल्या फळीपेक्षा जास्त कललेली. सगळ्यात वरची तर सव्वा इंचाहून जास्तच, अशी की एका टोकाला उंदीर सोडला असता तर घसरत दुसऱ्या टोकाला आला असता.

मागे कुणीतरी हसलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "हात गेला वाटते दौलतजीचा."

बाबा उठले. "माहीच चूक हाय साहेब. खूण हुकली."

मी भिंतीला चिकटून उभी. मला तोवर काहीच उमगलं नव्हतं, फक्त एवढं ठाऊक होतं की डावी बाजू माझी आहे. गप्प राहावं तर बाबांची खूण हुकली ठरते. तोंड उघडावं तर खाचा त्यांनी पाडल्याच नाहीत हे कळतं. दोन्हीकडून वाट यार्डातच जात होती. मायनं माझा दंड धरला होता. तिची नखं रुतत होती, पण ती मला मागे ओढत होती की पुढे ढकलत होती, हे मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही.

"डावी बाजू माही हाय," मी म्हटलं. आवाज असा फुटला की अगरबत्तीची राख पडली. "बाबानं हात लावू नको सांगतलं होतं. म्या मायच्या टेपानं मोजली."

"टेपानं?" सालपेकर साहेब खुर्चीतून उठले. "दौलतजी, तुमची पट्टी द्या."

बाबांनी पिशवीतून पट्टी काढून दिली. साहेबांनी गुडघे टेकले आणि उजवी बाजू मोजली, पट्टी पुढे पुढे सरकवत. वरच्या खाचेशी सहासष्ट, बरोब्बर. मग मायच्या कमरेला खोचलेला टेप मागून घेतला आणि डावी बाजू मोजली. तिथंही सहासष्ट, बरोब्बर. त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि असे हसले की तपकीर उडून पहिल्या रांगेला शिंका आल्या. "अरे, ही बाजू ओतायची राहिली हाय, अन् ही बाजू ओतून थंडी होऊन गेली!"

पॅटर्न शॉपचे जे पाचसात लोक होते ते आधी हसले, मग त्यांनी बाकीच्यांना पट्टीतला फुटामागचा पाव इंच समजावला, मग बाकीचे हसले. बाबा हसले नाहीत. साहेबही थांबले. त्यांनी वरची फळी काढून घेतली आणि खाचेतून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दुसऱ्या बाजूच्या खाचेतून.

"ह्या कोणी पाडल्या?"

"म्या," बाबा म्हणाले.

"म्या," मी म्हटलं.

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग गेले कित्येक महिने खिशात, मांडीखाली, डाव्या मुठीत दडवलेला उजवा हात त्यांनी चाळीस माणसांसमोर पुढे केला. तो थरथरत होता. त्यांनी तो तसाच राहू दिला. "साचा माहा हाय साहेब. हात पोरीचा. तुम्ही एकट्यानं म्हटलं होतं, ते मी पाळलं नाई."

सालपेकर साहेबांनी तो हात दोन्ही हातांत धरला. हस्तांदोलनाला धरतात तसा नाही, तापलेल्या पोराचा धरतात तसा. आणि हळू बोलले, मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "यार्डात लाकडं मोजायले माणसं लय मिळतात, दौलतजी. सहा फुटांत केसभर न हुकणारी खूण मी कोठून आणू? सोमवारपासून खुणा तुम्ही करा. कापतील पोरं. पर त्याहिले असे साचे करून द्या."

 बाबांनी कपाटाकडे बोट केलं. "हे मोडून नवं करतो."

"कावून? ठोका तसंच. पुस्तकं एका अंगावर रेलून राहतील, आपणही रेलूनच वाचतो न!"

पण बाबांनी ते तसं ठोकू दिलं नाही. आणलेल्या फळ्या त्यांनी परत हातगाडीवर घातल्या, आणि पुढच्या रविवारी माझ्याकडून नवी डावी बाजू करून घेतली, उजवी शेजारी ठेवून, एकाच रेघेनं. ते कपाट वाचनालयात पुष्कळ वर्षं उभं होतं आणि त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तरी तो कुठे जायचं ते ठरवू शकत नसे. मायनं ती माझी चुकलेली डावी बाजू जाळायला मागितली होती. बाबांनी दिली नाही. ती आडवी करून चार पाय लावले आणि पुढे लग्नापर्यंत मी तिच्यावर पापड लाटले. पाच खाचांची छाप पापडांवर उमटायची. सेक्टरभर आमचे पापड लोक न सांगता ओळखत.

आता माझाही उजवा हात थरथरतो. बाबांसारखाच, आधी कपबशीत ऐकू आला. सून म्हणते, आई, बोलून दाखवा, मी लिहून घेते. मी म्हणते, थांब, आधी वाट करून घेते. बाबांची लोखंडी पट्टी माझ्याकडे आहे, आकडे पुसट झालेत. ती कागदावर आडवी ठेवते, हात तिला टेकवते आणि तिच्या कडेकडेनं ओळ लिहीत जाते. मग पट्टी खाली सरकवते. हे सगळं प्रकरण असंच लिहिलं आहे. अक्षर वाकडं आलं असेल, पण ओळ पाहा.